साक्ष नको, पाणी द्या

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अंबडकडून जालन्याला येत होतो, रात्रीचे साडेनऊ झाले असतील, लग्न उरकून निघालेलो, मित्राची गाडी, आम्ही चौघं, पोटं भरलेली, मागचे दोघं पेंगायलेले. एका फाट्याच्या अलीकडं मोटारसायकल आडवी पडलेली दिसली आणि खरं सांगतो, आमची गाडी पुढं निघून गेली. शंभरेक मीटर गेल्यावर मित्रच म्हणला, "अरे, तिथं कुणीतरी हलायलं होतं." मग परत फिरलो. विशीतलं पोरगं, डोक्याला मार, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. शेजारी दोन बाईकवाले मोबाईलचे टॉर्च लावून उभे होते पण हात लावत नव्हते. त्यातला एक मला बघून घाईघाईनं म्हणला, "काका, एकशेआठला फोन केलाय आम्ही, पण आम्हाला साक्षीला गुंतवू नका बरं का."

पोराच्या डोक्याला उपरणं बांधलं, ॲम्ब्युलन्स आली, मी सोबत गेलो, त्याच्या मोबाईलचा चुरा झालेला म्हणून त्यानं कण्हत कण्हत सांगितलेल्या नंबरवर माझ्या फोनवरून त्याच्या भावाला कळवलं, भाऊ आला, मी घरी आलो. एवढंच. यात शौर्य वगैरे काही नाही, शंभर मीटर पुढं गेलेला माणूस आहे मी, हे आधीच सांगून ठेवतो.

खरी गोष्ट पुढं आहे. रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर अंगणात चहा घेताना ही हकीकत निघाली. आमच्यातले एक बुजुर्ग, मी त्यांना दादाच म्हणतो, मायाळू माणूस, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग साक्ष दिली का?"

मी म्हणलं, "पोलिसांनी विचारलंच नाही दादा."

"पोलिसांची नाही रे, प्रभूची! त्या पोराला सांगितलं का, कुणाच्या नावानं थांबलास ते?"

"दादा, ते धड शुद्धीत नव्हतं."

"मग उशाला शुभवर्तमानाची पत्रिका ठेवायची. शुद्धीत आल्यावर वाचली असती."

तेव्हा हसलो. पण घरी जाताना डोक्यात घोळायला लागलं की एकाच आठवड्यात एकच शब्द दोनदा कानावर आला. फाट्यावरचा तो बाईकवाला साक्षीच्या भीतीनं हात लावत नव्हता. आणि आमचे दादा म्हणतात साक्ष दिल्याशिवाय मदत अर्धीच. एकाला नाव सांगायची भीती, दुसऱ्याला नाव सांगितल्याशिवाय चैन नाही. आणि मधे रस्त्यावर ते पोरगं पडलेलंय, त्याला यातलं काहीच नकोय, त्याला पाणी पाहिजे.

माझं म्हणणं सरळ आहे. वाटेत भेटलेल्या परक्या माणसाला ख्रिस्ती माणसानं मदत करावी, जरूर करावी, पण बिननावाची करावी. पत्रिका खिशात ठेवावी. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का" हे सुद्धा समोरचा आडवा पडलेला असताना विचारू नये, मनात करावी की, कुणी अडवलंय. हे वाचून आमच्याच काही लोकांना राग येईल, येऊ द्या.

आधी त्या बाईकवाल्याचं बघू, कारण त्याची भीती खोटी नव्हती. वर्षानुवर्षं आपल्याकडं हेच झालंय, उचलून नेणाऱ्यालाच हजार प्रश्न, तूच ठोकलं का, जबाब दे, पुढच्या तारखेला ये. म्हणून तर लोक बघत उभे राहायचे. पण आता कायदा बदललाय आणि हे अजून आपल्या गावोगावी माहीत नाही. सुप्रीम कोर्टानं ३० मार्च २०१६ ला याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आलं, आणि २०२० च्या सप्टेंबरात त्याचे नियम निघाले. त्यात काय आहे, तर जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला घालता येत नाही. त्याला नाव, पत्ता, ओळख सांगायची सक्ती पोलिसही करू शकत नाहीत आणि दवाखानाही नाही. साक्षीदार व्हायचं का नाही ही त्याची मर्जी, आणि झालाच तर त्याच्या सोयीनं विचारपूस करायची. धर्म, जात, बाई-पुरुष यावरून भेदभाव न करता त्याच्याशी मानानं वागायचं, असंही लिहिलंय.

आणि या माणसाला कायद्यानं नाव काय दिलंय? गुड समॅरिटन. म्हणजे आमच्या बायबलातला चांगला शोमरोनी! भारताच्या मोटार कायद्यात येशूच्या दृष्टांतातलं पात्र जाऊन बसलंय आणि त्यासाठी कुणी मोर्चा काढला नव्हता. त्याची व्याख्याही बघण्यासारखी आहे. सद्भावनेनं, स्वतःहून, आणि कसल्याही बक्षिसाची किंवा मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणारा तो गुड समॅरिटन. (पुढं २०२१ मध्ये सरकारनंच अशा माणसाला पाच हजारांचं बक्षीस जाहीर केलं ही गंमत वेगळी. सरकारचं असंच असतं.) मला त्या व्याख्येतला 'मोबदल्याची अपेक्षा न ठेवता' हा भाग महत्त्वाचा वाटतो. कारण मोबदला पैशातच असतो असं थोडंच आहे. एखाद्यानं आपल्या उपकाराच्या ओझ्याखाली आपल्या देवाचं नाव ऐकून घ्यावं, हाही मोबदलाच की. कायद्याला जे कळलं ते आम्हाला कळायला काय हरकत आहे?

आता मूळ गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे, संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ आहे, आणि पाठ आहे म्हणूनच आपण ती नीट वाचत नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारा एक माणूस, लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला. हा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरचा पण उतार भयंकर, यरुशलेम समुद्रसपाटीच्या साडेसातशे मीटर वर आणि यरीहो अडीचशे मीटर खाली. म्हणजे घाटच, तोही ओसाड. याजक, म्हणजे मंदिरातला पुजारी, आला, बघून पलीकडच्या बाजूनं गेला. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, आला, तोही तसाच गेला. आपण नेहमी त्यांची बाजू सावरून सांगतो की बिचाऱ्यांना मंदिरात सेवेला जायचं होतं, प्रेताला शिवले असते तर विटाळ झाला असता. पण वचन नीट वाचा, याजक त्या वाटेनं 'खाली' चालला होता. यरुशलेम वर, यरीहो खाली. म्हणजे मंदिराकडं निघालेला नव्हताच तो, मंदिराकडून येत होता! त्याची सेवा झालेली होती, विटाळाची सबब निकालात निघाली. रविवारची उपासना उरकून पोटभर गाणी म्हणून घरी निघालेला माणूस आणि त्याच्यात मला तरी फरक दिसत नाही. लग्नाहून निघालेल्यातही नाही.

मग शोमरोनी आला. यहूद्यांचं आणि शोमरोन्यांचं वाकडं, एकमेकांच्या भांड्याला शिवायचे नाहीत. त्यानं काय केलं ते येशू एकेक करून सांगतो, जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले. दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे दोन रोज. एवढं बारीकसारीक सांगणाऱ्या येशूनं त्या शोमरोन्याच्या तोंडी जखमीला उद्देशून एक शब्दही घातलेला नाही. तो फक्त उतारशाळेवाल्याशी बोलतो, तेही खर्चापुरतं. याची काळजी घे, जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन. आमचं आराधनास्थान गरिजीम डोंगरावर आहे, तू चुकीच्या देवळात जातोस, असं काही नाही. बरा झालेला माणूस उद्या उतारशाळेत उठून बसेल आणि विचारेल मला कुणी आणलं, तर उतारशाळेवाल्याला नावही सांगता येणार नाही.

आणि जाता जाता, त्या उतारशाळेवाल्याकडं कुणी लक्षच देत नाही. दोन रोजाच्या पैशावर आणि परक्या माणसाच्या शब्दावर त्यानं रक्तबंबाळ गिऱ्हाईक ठेवून घेतलं. आपल्या हायवेवरच्या ढाबेवाल्यांना, पंक्चरवाल्यांना विचारा, महिन्यात किती वेळा खाट द्यावी लागते, किती वेळा तांब्या आणि फडकं घेऊन पळावं लागतं. त्यांच्यावर प्रवचन मी अजून ऐकलेलं नाही.

आता दादांची बाजू, कारण ती हलकी नाही. दादांनी मला नंतर टिळकांचा दाखला दिला, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चाललेले, डब्यात एक गोरा अनोळखी प्रवासी भेटला, गप्पा झाल्या, आणि त्यानं टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही तो म्हणाल्याचं सांगतात. टिळकांनी वाचायला घेतलं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या माणसानं पुस्तक खिशातच ठेवलं असतं तर आज आपल्या उपासनेत टिळकांची भजनं असती का, असा दादांचा सवाल. मी दोन दिवस निरुत्तर होतो. कारण टिळकांची भजनं काढली तर मराठी ख्रिस्ती माणसाचं तोंड अर्धं मुकं होईल, हे मलाही मान्य आहे.

पण मग लक्षात आलं की त्या डब्यात कुणी आडवं पडलेलं नव्हतं. टिळक म्हणजे संस्कृतात मुरलेला कवी, वादाला वाद देणारा, धर्माचा विचार आधीपासून डोक्यात चाललेला. नको वाटलं असतं तर पुस्तक परत देऊन खिडकीबाहेर बघत बसले असते. दोघं बरोबरीनं बसलेले होते. पुस्तक हा गप्पांचा भाग होता, उपकाराची पावती नव्हती. फरक इथं आहे. समोरच्याला 'नको' म्हणता येत असेल तर बोला की, धर्मावर बोला, राजकारणावर बोला, तपोवन एक्सप्रेसमध्ये लोक मनमाडपासून नांदेडपर्यंत दुसरं करतात काय! पण ज्याला तुमच्या हातातल्या पाण्याची गरज आहे त्याला 'नको' म्हणता येत नाही. त्याच्याशी बोललेलं सगळं मग सौद्यासारखं ऐकू येतं, तुमच्या मनात सौदा नसला तरी.

आणि हे आम्ही जालन्याच्या लोकांनी तरी समजून घ्यायला पाहिजे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, आमच्याकडच्या कितीतरी घरांची मुळं त्या काळातली. दुष्काळात मिशननं जेवू घातलं, औषधपाणी केलं, शाळेत घातलं, आणि लोक ख्रिस्ती झाले. त्यातले किती भाकरीसाठी झाले आणि किती विश्वासानं झाले हे आता कुणी सांगू शकत नाही, बहुतेक दोन्ही कालवलेलं होतं. मला त्याची लाज नाही, भुकेल्याला जेवू घालणाऱ्याचा देव आवडणं यात लाजायचं काय. पण 'दुष्काळी ख्रिस्ती' हा टोमणा आज्जीनं ऐकला, वडिलांनी ऐकला, मी शाळेत ऐकला. आज तर हवाच अशी आहे की ख्रिस्ती माणसानं नुसता बिस्किटाचा पुडा दिला तरी बघणाऱ्याच्या डोळ्यात प्रश्न येतो, ह्याला काय पाहिजे? या संशयाला काही लोक मुद्दाम खतपाणी घालतात हे खरंय, आणि त्यांच्याशी भांडायलाच पाहिजे. पण संशयाला जागाच राहू नये एवढं तर आपल्या हातात आहे ना. पत्रिका ठेवली तर त्या पोराच्या भावानं काय समजायचं, की हे लोक ॲक्सिडेंट शोधत फिरतात?

बेथेलवरून आठवलं. हे नाव बायबलातल्या याकोबाच्या गोष्टीतलं. घरातून पळालेला याकोब, दिवस मावळलेला, ओळखीचं कुणी नाही, तिथलाच एक दगड उशाला घेऊन वाटेतच झोपला, आणि स्वप्नात शिडी बघितली, सकाळी उठून म्हणाला परमेश्वर इथं आहे आणि मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे बेथेल हे मुळात एका थकलेल्या वाटसरूच्या झोपेचं ठिकाण.

८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. वीस जणांचा जत्था होता, मध्य प्रदेशातली पोरं, जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला. लॉकडाऊनमध्ये काम बंद, भुसावळहून गावाकडं रेल्वे मिळेल या आशेनं रुळारुळानं चालत निघाले, थकले, रेल्वे बंदच आहेत असं समजून टेकले. रुळावर पडलेल्या त्यांच्या चपात्यांचा फोटो सगळ्या देशानं बघितला. आमच्या जालन्यातून गेलेले लोक. आदल्या संध्याकाळी ते शहरातून बाहेर पडले तेव्हा मी दार लावून आत बसलो होतो, त्या आठवड्यात आमची उपासना मोबाईलवर झाली होती, आणि शास्त्रपाठ काय होता ते आठवत नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा म्हणतो, मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं, आणि चांगली माणसं गोंधळून विचारतात, प्रभू, कधी? त्यांना आपण काय केलं तेच माहीत नाही. आणि डावीकडच्यांनाही, म्हणजे ज्यांनी घरात घेतलं नाही त्यांनाही, माहीत नाही, तेही विचारतात, कधी? मी त्या दुसऱ्या रांगेतलाच, फक्त मला कधी ते माहितीये, तारखेसकट.

म्हणून मला हे 'प्रवासात सगळ्यांशी प्रेमानं वागा' टाईपचं बोलणं फार पोकळ वाटतं. प्रवासी म्हणजे फक्त रिझर्व्हेशनवाला नाही. बीड, केज, धारूर, आष्टीकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात ते ऊसतोडवाले, संसार, लेकरं, कोंबड्या, शेळी, सगळं टपावर, तेही प्रवासीच आहेत. दर वर्षी सहा महिने परक्या गावात पाल टाकून राहतात आणि त्यांना बघून आपण बॅगा जवळ ओढतो.

आता एक उलटी गोष्ट सांगतो, आणि मला वाटतं आम्हाला शिकायची खरी गोष्ट हीच आहे. आपण कायम देणाऱ्याच्या जागेवर उभं राहून विचार करतो. पण योहानाच्या चौथ्या अध्यायात बघा, येशू स्वतः वाटसरू आहे. प्रवासानं दमलाय, भर दुपारी सुखार गावाच्या विहिरीवर बसलाय, जवळ पोहरा नाही, आणि तो एका शोमरोनी बाईला म्हणतो, मला पाणी दे. ती चाटच पडते. तू यहूदी, मी शोमरोनी, आणि तू माझ्याकडं पाणी मागतोस? पुढं मोठी चर्चा होते, जिवंत पाणी वगैरे, त्यावर हजार प्रवचनं आहेत, पण सुरुवात मागण्यापासून आहे. आधी तो तिच्यापुढं हात पसरतो. ज्या भांड्याचा विटाळ मानायचा त्याच भांड्यातून प्यायची तयारी दाखवतो. पुढं त्याच शोमरोन्यांच्या आग्रहावरून दोन दिवस त्यांच्याकडं मुक्कामही करतो.

हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. १९३४ साली डॉ. आंबेडकर सोबतच्या मंडळींना घेऊन दौलताबादचा किल्ला बघायला आले, अंगावर प्रवासाची धूळ, किल्ल्याच्या दारातल्या टाक्यावर हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून केवढा तमाशा झाला, शेवटी आत सोडलं ते कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत हत्यारी शिपाई देऊन. वाटसरूला पाणी न देणं ही आपल्याकडं फक्त कंजुषी नव्हती, व्यवस्था होती. माझी आज्जी सांगायची, तिच्या लहानपणी परगावाला पायी जाताना पाणी मागितलं तर ओंजळ धरायला लावायचे आणि हातभर वरून ओतायचे, अर्धं कोपरावरून गळून जायचं. "पाणी देयचे बाबा, नाही कशाला म्हणू, पण तांब्या नाही देयचे," असं म्हणायची. आज्जीच्या त्या एका वाक्यापुढं आमची सगळी दानधर्माची भाषा मला थिटी वाटते. वरून ओतलेली मदत आणि तांब्या हातात दिलेली मदत, दोन्हींनी तहान भागते पण दोन्ही एक नाहीत. आणि पत्रिकेसकट दिलेली मदत, मला माफ करा दादा, पण ती मला वरून ओतल्यासारखी वाटते.

आमच्याकडं पैठणच्या नाथांची गोष्ट कुणाला माहीत नाही? काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले एकनाथ, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं, कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. आणि गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं लेकरू कडेवर घेतलं ती दुसरी. मी ख्रिस्ती घरात वाढलो पण शोमरोन्याच्या आधी मला नाथांचं गाढव कळलं, कारण ते शाळेच्या पुस्तकात होतं आणि पैठण दोन तासांवर होतं. देवाला न्यायचं पाणी गाढवाला पाजलं, म्हणजे याजकानं जे केलं नाही ते. आणि गाढवाला पत्रिका देता येत नाही, हा एक फायदा.

सचखंड एक्सप्रेसनं कधी गेलात का? नांदेड ते अमृतसर. परभणी, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) अशा स्टेशनांवर शीख मंडळी डब्यापाशी येऊन लंगर वाटतात, डाळ, भाजी, पोळी, खिचडी, जे असेल ते, आणि जुने प्रवासी घरून ताट-वाटी घेऊनच बसतात. कुणी विचारत नाही तू कोण. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भूक लागलेली असून सुद्धा नको म्हणलं. का? तर फुकटचं कसं घ्यायचं. समोरच्या बाकावरच्या मावशी हसल्या, म्हणल्या, "काहून लाजायलास? घे की. देणाऱ्याला बी बरं वाटू दे." तेव्हा कळलं की माझं ते नको म्हणणं म्हणजे नम्रता नव्हती, माज होता. देणारा मी, घेणारे दुसरे, ही घडी मोडायची नव्हती मला.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे पण जमाना बघा. बघितलाय. रेल्वेत गुंगीचं बिस्कीट देऊन लुटतात, ॲक्सिडेंटचं नाटक करून गाडी थांबवतात, एकट्या बाईनं रात्री अनोळखी माणसासाठी थांबावं असं मी माझ्या पोरीला तरी सांगणार नाही. तिनं काच वर ठेवून १०८ किंवा ११२ लावावा, तीही मदतच आहे. समृद्धीवर तर थांबायची सोयच नाही, ताशी एकशेवीसनं पळणाऱ्या रस्त्यावर मधेच गाडी उभी केली तर मदत करणाराच मरेल. सातशे किलोमीटरचा रस्ता आहे, जालन्यावरूनच जातो, आणि त्यावर शेजारधर्म म्हणजे हेल्पलाईनला नेमका किलोमीटरचा आकडा सांगता येणं. शोमरोनी पण काही उतारशाळेत महिनाभर बसून राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला गेला. सावधपणा आणि माया यांचं भांडण नाही. फक्त सावधपणाच्या नावाखाली आपण कधी पलीकडच्या बाजूनं निघून जातो हे ज्याचं त्याला आतून कळत असतं.

आणि मदत करतानाचे रील. त्यावर काय लिहायचं, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको म्हणलंय, इथं तर डाव्या हातात मोबाईलच असतो.

दादांशी माझं अजून पटलेलं नाही. परवा ते म्हणले, "असं गप्प राहून मदत केली तर लोकांना कळणार कसं, हा कुणाचा माणूस आहे?" मी म्हणलं, "दादा, नका ना कळू देऊ." त्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणले, "तू म्हणतो ते कळतंय, पण माझी जीभ ऐकत नाही." हे मात्र त्यांचं प्रामाणिक.

बाकी त्या पोराच्या भावाचा दुसऱ्या दिवशी फोन आला होता, नंबर त्याच्याकडं राहिलेला. पाय बसवलाय, बरंय म्हणला. मग म्हणला, "काका, नंबर सेव करायलोय, नाव काय लावू?" माझं नाव बायबलातलं आहे, ऐकलं की लोकांना कळतंच. म्हणलं, "जालनावाले काका लाव." त्यानं तसंच लावलं असावं. मला तेव्हा लई बरं वाटलं, आपण आपल्या म्हणण्याप्रमाणं वागलो म्हणून.

पण त्यानं अजून एक म्हणलं होतं, "हुरड्याला या काका, रानात बसून खाऊ, माय लई आठवण काढते." हो हो म्हणलं. त्यानंतर तीनदा त्या फाट्यावरून गेलो, एकदा बसनं, दोनदा गाडीनं, आणि उतरलो नाही. कामं होती. बायको म्हणते, "जायला काय होतंय तुम्हाला? बोलावलंय तर जायचं." तिला काय सांगू. रानात बसल्यावर ते विचारतीलच नाव, गाव, कोण-कुठले, आणि त्याची माय ताट वाढून समोर ठेवील आणि मला फक्त घ्यायचं असेल. कालच परत फोन आला, ज्वारी हुरड्यात आलीय म्हणला, ह्या रविवारी या. रविवारी उपासना असते म्हणलं. तर म्हणला, "मग दुपारून या की, आम्ही थांबतो."